केस कुणावर टाकायची?

समजा, मुलगा पेनरोजला नोकरीला आहे. ऑकलंडच्या दक्षिण-पूर्वेकडचा हा भाग मुख्यतः गोदामांचा आणि कारखान्यांचा. ग्रेट साउथ रोडवर दिवसभर ट्रक, जवळच माउंट स्मार्टचं स्टेडियम, आणि जिथून ओनेहंगाचा फाटा निघतो ते रेल्वे स्टेशन. सुनेच्या बाळंतपणासाठी आई साताऱ्याहून व्हिजिटर व्हिसावर आली आहे. एका रात्री तिच्या पोटात दुखू लागतं. इस्पितळात तपासतात, रक्त घेतात, वेदनाशामक देतात आणि घरी पाठवतात. दुसऱ्या रात्री ती पुन्हा त्याच दारात येते, या वेळी रुग्णवाहिकेतून. तिसऱ्या दिवशी दुपारी आयसीयूबाहेरच्या खोलीत एक डॉक्टर मुलासमोर बसतात. आतड्यातून संसर्ग रक्तात पसरला होता, शक्य ते सगळं केलं, असं सांगतात.

साताऱ्याहून मामांचा फोन येतो. रडणं ओसरल्यावर ते विचारतात, "अरे, पहिल्या रात्री घरी कसं पाठवलं तिला? सोडू नकोस त्यांना. केस टाक."

मामा चुकीचं काही बोलत नाहीत. आपल्याकडे अशा मरणानंतर ज्याला जाब विचारायचा असतो, त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं: न्यायालय, समोर डॉक्टर, हातात केसपेपर. या चित्राला महाराष्ट्रात जुना इतिहासही आहे.

मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका विशीतल्या मुलाची डावी मांडी मोडली. वडील त्र्यंबक बापू गोडबोले स्वतः डॉक्टर, दौंडला दवाखाना चालवणारे. मुलाला गाडीतून लांबचा प्रवास करत पुण्याला आणलं आणि डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी यांच्या रुग्णालयात दाखल केलं. 13 मे रोजी मुलगा गेला. भूल न देता, जास्त जोर लावून हाड बसवलं आणि त्या धक्क्यानं मुलगा दगावला, असं वडिलांचं म्हणणं. चरबीची गुठळी रक्तात गेल्यानं मृत्यू आला, असं डॉक्टरांचं. खटला खालच्या न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. 2 मे 1968 रोजी निकाल वडिलांच्या बाजूनं कायम झाला. भरपाई होती 3,000 रुपये. रुग्णाला हाती घ्यायचं की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरनं योग्य काळजी घ्यायलाच हवी, हे या निकालानं सांगितलं. भारतातल्या वैद्यकीय हलगर्जीपणाच्या खटल्यांत तो आजही आधाराला घेतला जातो.

दुसरं उदाहरण अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनुराधा साहा यांचं. 1998 मध्ये त्या कोलकात्याला आल्या असताना आजारी पडल्या. उपचार बिघडत गेले, शेवटी विमानानं मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात आणलं, आणि तिथंच त्यांचा मृत्यू झाला. पती कुणाल साहा यांनी लढा दिला. ऑक्टोबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुमारे 5 कोटी 96 लाख रुपये आणि त्यावर व्याज मंजूर केलं.

दोन्ही प्रकरणांत पंधरा-पंधरा वर्षं गेली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की दोन्ही लढे देणारे नातेवाईक स्वतः डॉक्टर होते. केसपेपरवरची अक्षरं त्यांना वाचता येत होती, कोणतं औषध किती द्यायचं हे ठाऊक होतं, विरुद्ध बाजूच्या तज्ज्ञाला कुठं अडवायचं ते कळत होतं. 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हा वाट थोडी रुंद झाली. तरीही साताऱ्याच्या मामांना तज्ज्ञाचं मत मिळवून हलगर्जीपणा सिद्ध करायचा म्हटलं, तर ते किती अवघड आहे हे ज्यांनी केलं त्यांनाच विचारावं. उत्तर मिळण्याची आशाच नसते तेव्हा माणसं रुग्णालयाच्या काचा फोडतात. ते अक्षम्य आहे. त्यासाठी महाराष्ट्राला 2010 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. पण ज्याला कुणी काही सांगत नाही त्याची तडफड त्या काचांमागे असते, हेही खरं.

आता पेनरोजला परत येऊ. मुलगा ऑकलंडमधल्या एखाद्या वकिलाकडे गेला, तर बहुधा पाचच मिनिटांत ऐकेल, की उपचारातल्या चुकीमुळे झालेल्या शारीरिक इजेसाठी किंवा मृत्यूसाठी भरपाईचा दावा या देशात लावताच येत नाही. इस्पितळावर नाही, डॉक्टरवर नाही, नर्सवरही नाही. 2001 च्या अपघात भरपाई कायद्याच्या 317 व्या कलमानं तो मार्ग बंद केलेला आहे. हे ऐकून कुणालाही वाटेल, की हा देश डॉक्टरांना पाठीशी घालतो. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण कथा वेगळी आहे, आणि ती समजल्याशिवाय पुढचं एकही पाऊल नीट पडत नाही.

1960 च्या दशकात न्यूझीलंडमध्येही आपल्यासारखेच खटले चालत. कामावर जखमी झालेल्या मजुराला पूर्ण भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागे. ज्याला चांगला वकील आणि साक्षीदार मिळे त्याला भरपूर पैसे, ज्याला मिळत नसत त्याला फार थोडे. सरकारनं न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. डिसेंबर 1967 च्या अहवालात त्यांनी मांडलं, की ही व्यवस्था सोडतीसारखी आहे. समाज ज्या कामांवर, रस्त्यांवर, यंत्रांवर उभा आहे, त्यांत जखमी होणाऱ्यांची जबाबदारी सगळ्या समाजानं घ्यावी, चूक कुणाची हे न विचारता. त्यातून कायदा झाला आणि 1 एप्रिल 1974 पासून योजना सुरू झाली. ती चालवणाऱ्या सरकारी महामंडळाला तिथं सगळे एसीसी म्हणतात. नोकरदाराच्या पगारातून, मालकाकडून, गाडीच्या नोंदणीतून आणि पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमधून त्यासाठी पैसे जमा होतात. पेनरोजच्या पंपावर टाकी भरणारा आपला मुलगाही या योजनेत भर घालतच असतो. देशानं या बदल्यात सोडून दिला तो खटल्याचा हक्क.

उपचारातल्या इजेबाबत 2005 पर्यंत मात्र चूक कुणाची हा प्रश्न थोडा शिल्लक होता. डॉक्टरची चूक दाखवावी लागे, नाहीतर इजा फार दुर्मीळ आणि गंभीर असावी लागे. 1 जुलै 2005 पासून तेही गेलं. आता विचारतात एवढंच: उपचारामुळे इजा झाली का? उपचारात निदान येतं, निदान करायला उशीर होणं येतं, द्यायला हवा तो उपचार न देणं येतं, संमती न घेणं येतं, उपकरण बंद पडणंही येतं. आजाराचा स्वाभाविक परिणाम यात येत नाही. उपचाराला अपेक्षित यश आलं नाही, एवढ्यानंही भागत नाही. आणि ही तरतूद पर्यटकालाही लागू आहे. साताऱ्याहून आलेली आई कायमची रहिवासी नव्हती, म्हणून तिचं प्रकरण बाद होत नाही. आपल्या कुटुंबांत हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आपण इथले नाही तर आपल्याला कोण विचारणार, असं म्हणून अनेक घरं मुळात अर्जापर्यंत पोचतच नाहीत.

अर्ज कुटुंबानं थेट भरायचा नसतो. उपचार करणाऱ्या किंवा दुसऱ्या पात्र डॉक्टरकडून तो एसीसीकडे जातो. नेहमीचा जीपी, म्हणजे कुटुंबाचा डॉक्टर, ते करू शकतो. त्यानंतर खरी गाठ येते ती कार्यकारणाची. आईला आतड्याचा आजार होताच, संसर्ग होताच. मग ती गेली आजारानं की उशिरानं? एसीसीचे वैद्यकीय सल्लागार कागदांवरून हेच शोधतात. पहिल्या रात्री दाखल करून घेतलं असतं आणि तेव्हाच अँटिबायोटिक सुरू झालं असतं, तर ती वाचण्याची शक्यता न वाचण्यापेक्षा जास्त होती का? निम्म्याहून जास्त असेल तर उपचारातली इजा, कमी असेल तर आजार. फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. पण 'कदाचित वाचली असती' एवढ्यानं पुरत नाही. हा निकष मला कठोर वाटतो. 40 टक्के शक्यता हिरावली गेली, तर ज्याची आई गेली त्याच्यासाठी ती काही शून्य नसते. तरी एक मान्य करायला हवं: इथं समोर आरोपी डॉक्टर नाही, आणि जो स्वतःला वाचवू पाहत नाही तो खरं लवकर सांगतो.

असे अर्ज गुंतागुंतीचे धरले जातात आणि निर्णयाला महिने लागतात, कायद्यानं जास्तीत जास्त नऊ. निर्णय विरुद्ध गेला तर तीन महिन्यांत फेरतपासणी मागता येते आणि त्यानंतर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. इथं वकिलाचं काम असतं, पण भांडण डॉक्टरशी नसून महामंडळाशी असतं.

पैशाचं काय? गेलेला माणूस कमावता असेल तर योजना भक्कम आहे. उदाहरणार्थ, एखाद्या गोदामात आठवड्याला 1,500 डॉलर मिळवणारा नवरा उपचारातल्या इजेनं गेला. कमाईचे 80 टक्के म्हणजे 1,200. त्याचे 60 टक्के, म्हणजे 720, पत्नीला दर आठवड्याला, आणि दोन लहान मुलांना प्रत्येकी 20 टक्के, म्हणजे 240. पत्नीचे पैसे किमान पाच वर्षं, किंवा धाकटं मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. शिवाय अंत्यसंस्काराचा खर्च आणि एकरकमी अनुदान. यातलं काहीही मिळायला डॉक्टरची चूक सिद्ध करावी लागत नाही, आणि पंधरा वर्षं थांबावंही लागत नाही.

पण आई कमावती नव्हती. तिच्यासाठी आठवड्याची भरपाई नाही. अंत्यसंस्काराच्या मदतीपलीकडे मुलाच्या हाती फारसं काही येत नाही. वुडहाउसांची व्यवस्था गमावलेली कमाई भरून काढते. माणूस गेल्याच्या दुःखाचं मोल ती करत नाही. घरात उभ्या आयुष्याचं काम करून गेलेल्या बाईचा हिशेब तिच्या वहीत नाही. भारतातल्या न्यायालयांनी गृहिणीच्या कामाची किंमत भरपाईत धरायला सुरुवात तरी केली आहे. या एका बाबतीत न्यूझीलंडची योजना मागे आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुःखासाठी वेगळा दावा लावता येईल का, हाही प्रश्न तिथं लढला गेला आहे. एका शल्यविशारदाच्या रुग्णांच्या नातेवाइकांनी स्वतःच्या मानसिक यातनांसाठी दावा केला. तो व्हान सोस्ट खटला. 1999 मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं, की शोक कितीही खोल असला तरी पुरत नाही, मान्यताप्राप्त मानसिक आजार दाखवावा लागतो. उरली दंडात्मक भरपाई, म्हणजे अतिशय बेपर्वा वागण्याला शिक्षा म्हणून लावलेली रक्कम. 2010 च्या काउच निकालानंतर तिलाही फार उंच उंबरठा आहे: धोका दिसत असूनही माणसानं तो जाणूनबुजून पत्करला, हे दाखवावं लागतं. मृताच्या वारसांसाठी तर ती वाट जवळपास बंदच आहे.

म्हणजे मामांच्या 'केस टाक'मध्ये तीन मागण्या एकत्र बांधलेल्या होत्या: पैसे द्या, खरं सांगा, दोषीला शिक्षा करा. आपल्याकडे तिन्ही एकाच न्यायालयात मागतात. न्यूझीलंडनं हे गाठोडं सोडवून तिन्ही मागण्या तीन वेगवेगळ्या दारांत ठेवल्या. ज्या मुलाला आपल्याला यातलं नेमकं काय हवंय हे ठाऊक नसतं, तो पहिल्याच दारावर डोकं आपटून परत फिरतो. मला वाटतं, बहुतेकांना हवं असतं ते दुसरं: त्या रात्री नेमकं काय झालं?

त्या दाराचा इतिहास पेनरोजपासून जेमतेम काही किलोमीटरवर, कॉर्नवॉल पार्कच्या कडेला घडला. तिथं नॅशनल विमेन्स हॉस्पिटल होतं. 1966 पासून तिथले प्राध्यापक हर्बर्ट ग्रीन गर्भाशयमुखातल्या कर्करोगपूर्व बदलांचा अभ्यास करत होते. हे बदल कर्करोगाकडे जात नाहीत अशी त्यांची धारणा होती, म्हणून कित्येक स्त्रियांना नेहमीचा उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं गेलं. त्यांना आपण अभ्यासाचा भाग आहोत हेही सांगितलेलं नव्हतं. काहींना कर्करोग झाला, काही मरण पावल्या. त्याच इस्पितळातल्या सहकाऱ्यांनी आक्षेप घेतले होते, ते दबून राहिले. जून 1987 मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोघींनी 'मेट्रो' मासिकात लेख लिहिला आणि देश हादरला. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्या चौकशीचा अहवाल 1988 मध्ये आला. पुढे त्या देशाच्या गव्हर्नर जनरलही झाल्या.

त्या अहवालातून आरोग्य आणि अपंगत्व आयुक्ताचं पद निर्माण झालं. कायदा 1994 चा, आणि 1 जुलै 1996 पासून रुग्णांच्या दहा हक्कांची संहिता लागू. योग्य दर्जाची सेवा, पूर्ण माहिती, समजून दिलेली संमती, आणि तक्रार करण्याचा हक्क हे सगळे त्यात आहेत. व्हिसा कोणता, पैसे कोणी भरले, याचा इथं संबंध नाही. तक्रार करायला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, आणि मृताचा मुलगा ती करू शकतो. लिहिताना मदत हवी असेल तर देशभर मोफत सल्लागार सेवा आहे. आयुक्त इस्पितळाकडून उत्तर मागवतात, गरज पडली तर स्वतंत्र तज्ज्ञाचं मत घेतात आणि हक्कभंग झाला का ते लिहून देतात. माफी मागायला, पद्धत बदलायला सांगतात. पैसे मात्र देत नाहीत.

या दाराची मर्यादाही सांगायला हवी. वर्षाला हजारो तक्रारी येतात आणि सविस्तर चौकशी त्यांतल्या थोड्यांचीच होते. बाकी अनेक तक्रारी इस्पितळाकडे परत पाठवल्या जातात किंवा पुढं काही करायचं नाही असं ठरवून बंद होतात. त्या निर्णयावर नेहमीसारखं अपील नाही. दोन वर्षं वाट पाहून एका परिच्छेदाचं पत्र हाती येणं, ही दुसरी जखम असते. म्हणूनच पहिल्या पत्रात काय लिहिलं जातं याला एवढं महत्त्व आहे.

शिक्षेच्या दाराबद्दल थोडक्यातच सांगण्यासारखं आहे. गंभीर प्रकरणात डॉक्टरला शिस्तभंग न्यायाधिकरणापुढं उभं करता येतं. तिथं 30,000 डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत निलंबन किंवा नोंदणी रद्द, हे होऊ शकतं. फौजदारी खटला मात्र क्वचित. 1997 मध्ये न्यूझीलंडनं कायदा बदलून साधी चूक पुरेशी नाही, काळजीच्या अपेक्षित पातळीपासून मोठी फारकत झालेली हवी, असं ठरवलं. ऑकलंडचे भूलतज्ज्ञ अॅलन मेरी आणि कायद्याचे प्राध्यापक अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांनी 2001 मध्ये वैद्यकीय चुका आणि कायदा यांवर पुस्तक लिहिलं. प्रत्येक चुकीला गुन्हा म्हटलं तर चुका कमी होत नाहीत, लपवल्या जातात, हा त्यातला मुद्दा. ऑगस्ट 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं याच पुस्तकाचा दीर्घ आधार घेतला आणि डॉक्टरवर फौजदारी गुन्हा चालवायला घोर निष्काळजीपणा लागतो, असं ठरवलं. त्यामुळे हे साताऱ्यात घडलं असतं आणि मामांनी निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा गुन्हा लावा म्हटलं असतं, तरी त्यांना तिथंही ऑकलंडमध्ये विचारल्या गेलेल्या त्याच प्रश्नाला तोंड द्यावं लागलं असतं.

हे सगळं महिन्यांचं काम. पण ज्यावर ते उभं राहतं ते पहिल्या दोन दिवसांत ठरतं, आणि त्या दोन दिवसांत घर कशाच्याच मनःस्थितीत नसतं.

उपचारादरम्यान किंवा उपचारामुळे अनपेक्षित मृत्यू झाला असेल, तर तो कोरोनरला कळवावा लागतो. जुन्या मुंबईकरांना हा शब्द नवा नाही, मुंबईचं कोरोनर न्यायालय 1999 मध्ये बंद झालं. कोरोनर दोष ठरवत नाही, मृत्यू कसा आला ते ठरवतो. त्यासाठी शवविच्छेदन सांगू शकतो. आणि इथं आपली माणसं बहुतेकदा नको म्हणतात. आईला आणखी कापू नका. लवकर अग्नी द्या. साताऱ्याला सगळे फोनवर बसलेत.

हे म्हणणं कायदा ऐकून घेतो. श्रद्धेप्रमाणे देह लवकर मिळावा असं वाटणाऱ्या कुटुंबाचा विचार कोरोनरनं करायचा असतो, जवळच्या नातेवाइकाला हरकत घेता येते, देहाजवळ बसण्याची परवानगीही मागता येते. पण मुलानं एक गोष्ट शांत डोक्याच्या कुणाकडून तरी ऐकावी: शवविच्छेदन नाकारलं तर पुढं एसीसी आणि आयुक्त या दोघांकडेही सगळा भार कागदांवर जातो. आतडं कुठं फुटलं होतं, कधीपासून पू साचला होता, हे अग्नी दिल्यावर कुणी सांगू शकत नाही. उलट, इस्पितळ मृत्यू कोरोनरला न कळवता दाखला द्यायला निघालं असेल आणि मुलाच्या मनात शंका असेल, तर त्यानं तिथंच विचारावं, की हे कोरोनरला का कळवत नाही? हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

मग कागद. सगळी फाइल लेखी मागावी. आपल्याकडे डिस्चार्ज कार्ड आणि बिलं म्हणजे फाइल असं धरतात. तिथं खरं उत्तर नर्सच्या नोंदींत असतं. नाडी, रक्तदाब, श्वास, ताप दर वेळी किती होता आणि किती वाजता, रक्ताचा अहवाल किती वाजता आला आणि तो कुणी किती वाजता पाहिला, घरी पाठवायचं कुणी ठरवलं. मृत व्यक्तीची फाइल सहसा मृत्युपत्रातल्या व्यवस्थापकाला किंवा वारसाच्या प्रतिनिधीला मिळते, म्हणून ते नातं सांगणारा कागद सोबत द्यावा. इस्पितळ स्वतःही गंभीर घटनेचा आढावा घेतं. त्यात कुटुंबाचे प्रश्न घ्या, असं सांगावं आणि अहवालाची प्रत मागावी.

आता त्या पहिल्या रात्रीकडे. आई इंग्रजी बोलत नव्हती. मुलगाच दुभाषा होता. मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत: कळ येते, ठणका लागतो, मुरडा येतो, चमक निघते, आग होते, पोट ओढल्यासारखं होतं. यांतला प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळ्या अवयवाकडे नेऊ शकतो. रात्री दोन वाजता थकलेल्या मुलाच्या तोंडून या सगळ्याचं भाषांतर 'पेन' एवढंच होतं. आणि आई म्हणाली असेल, "माझा जीव घाबरा होतोय." या वाक्यात भीती नाही. श्वास पुरत नाही, छाती धडधडते, अंगातून काहीतरी निघून चाललंय असं वाटतं, असं शरीर सांगत असतं. रक्तातल्या संसर्गात, फुप्फुसातल्या गुठळीत, हृदयविकारात नेमकं असंच वाटतं. मुलानं त्याचं भाषांतर 'अँक्शियस' केलं असेल. डॉक्टरनं ऐकलं, की वयस्क बाई परक्या देशात घाबरली आहे.

हा मुलाचा दोष नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. अशी कितीतरी मुलं ही सल आयुष्यभर घेऊन फिरतात. संहितेतला पाचवा हक्क सांगतो, की गरज असेल आणि शक्य असेल तिथं सक्षम दुभाषा मिळाला पाहिजे. फोनवरूनही दुभाषा मिळतो. मुलाला दुभाषा करणं सोयीचं असतं, पण ती सोय इस्पितळाची असते. दुभाषा देऊ का असं विचारलं होतं का, हा आयुक्तांपुढं ठेवण्याजोगा अगदी खरा प्रश्न आहे.

म्हणून त्याच आठवड्यात, स्मरण ताजं असताना, एक वही घ्यावी. डाव्या पानावर तास: किती वाजता निघालो, किती वाजता पोचलो, पहिल्यांदा कुणी पाहिलं, किती वेळ थांबलो, जाताना कुणी काय सांगितलं. सुनेला आठवतं ते तिनं वेगळं लिहावं, एकमेकांचं न बघता. उजव्या पानावर आईचे शब्द, ती बोलली तसेच, मराठीत. 'जीव घाबरा होतोय' हे तसंच लिहावं, आणि त्याखाली, या वेळी घाई न करता, त्याचा पूर्ण अर्थ इंग्रजीत.